हजेरीपट आणि मन : एक प्रस्तावना

कामगाराच्या देहाची काही जबाबदारी त्याला कामावर ठेवणाऱ्याकडे येते, ही गोष्ट आपल्या देशात कायद्याने मान्य होऊन आता दीड शतक होत आले. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने धोक्याच्या यंत्राभोवती कठडा घालण्याची सक्ती केली, १९२३ च्या कायद्याने कामावर झालेल्या इजेची भरपाई मालकाच्या शिरावर टाकली, आणि स्वातंत्र्यानंतर लगोलग आलेल्या १९४८ च्या कायद्याने पिण्याच्या पाण्यापासून पाळणाघरापर्यंतच्या बारीकसारीक तरतुदी कलमवार लिहून काढल्या. या सगळ्या दफ्तरात मनाचा उल्लेख मात्र शोधूनही सापडत नाही. बोट कापले तर त्याची नोंद होते, साक्षीदार उभे राहतात, डॉक्टरचा दाखला जोडला जातो. पण ज्याला रात्ररात्र झोप लागत नाही, वरिष्ठाचा निरोप आला की ज्याच्या छातीत धडधडू लागते, जो घरी मुलांवर निष्कारण ओरडतो आणि मग स्वतःशीच खजील होतो, असा मनुष्य दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर झाला की हजेरीपटाच्या लेखी तो पूर्ण निरोगी ठरतो. अशा माणसाची, तो अंथरुणाला खिळण्यापूर्वी आणि त्याच्या कामाच्या जागीच, काळजी कशी घेता येईल हा पुढील प्रकरणांचा विषय आहे.

विवेचनासाठी नोएडाची निवड केली आहे, तिचे कारण सांगितले पाहिजे. यमुना आणि हिंडन या नद्यांच्या मधल्या शेतजमिनीवर, आणीबाणीच्या ऐन अमदानीत, १७ एप्रिल १९७६ रोजी उत्तर प्रदेश सरकारच्या हुकुमाने हे औद्योगिक शहर अस्तित्वात आले. त्यामागे ना देवस्थान, ना बाजारपेठ, ना किल्ला. दिल्लीच्या दाटीतले कारखाने नदीपलीकडे न्यावेत एवढाच हेतू होता. त्यामुळे पेठा आणि आळ्यांऐवजी येथे सेक्टर आहेत, आणि माणसे आपला पत्ता आकड्यांत सांगतात. १९८५ मध्ये निर्यात प्रक्रिया क्षेत्र आले, पुढे फिल्म सिटीत वृत्तवाहिन्यांची चोवीस तासांची दफ्तरे आली, आणि त्यानंतर सेक्टर ६२ पासून एक्सप्रेसवेच्या कडेपर्यंत संगणकाच्या कंपन्यांचे काचेचे इमले उठले. एकाच शहरात शिलाईच्या यंत्रावर पीस रेटने राबणारी स्त्री आणि परदेशी ग्राहकाशी इंग्रजीत बोलणारा पदवीधर, दोघेही गावापासून तुटून, एक भंगेलच्या भाड्याच्या खोलीत आणि दुसरा ममूऱ्याच्या पीजीत, सारख्याच एकटेपणाने राहतात. आमच्या ओळखीच्या मराठी घरांतील मुले-मुलीही त्यांत आहेत. आणि जे नोएडाला कधी गेले नाहीत, त्यांना हिंजवडी, खराडी किंवा ऐरोली पाहिली असल्यास हे वर्णन परके वाटू नये.

शिलाईचे आणि फोनवरचे, ही दोन्ही प्रकारची कामे थोडी जवळून पाहिल्यावाचून पुढचे विवेचन पोकळ वाटेल. अमेरिकेतील ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या दफ्तरात रात्रपाळीचा मनुष्य कानाला हेडसेट लावून बसतो, तेव्हा त्याच्या वेळेतील क्षणन् क्षण पडद्यावर मोजला जात असतो: प्रत्येक फोनला सरासरी किती वेळ घेतला, दोन फोनांमध्ये किती वेळ गेला, आणि उठायचे झाल्यास कोणता ‘ऑक्स’ दाबून उठला. हा ऑक्स म्हणजे गैरहजेरीची खूण. चहाचा निराळा, जेवणाचा निराळा, प्रसाधनगृहाचा निराळा, आणि ठरलेल्या मिनिटांपेक्षा तो लांबला की टीम लीडच्या पडद्यावर त्या नावापुढचा रंग बदलतो. समोरचा ग्राहक शिवीगाळ करीत असला तरी फोन आपण होऊन ठेवायचा नाही, आणि तो संपल्यावर डोळे पुसायला वेळ हवा असेल तर त्यासाठी ऑक्स नाही. तिकडे नोएडाच्याच फेज टू या भागातील होजियरीच्या कारखान्यात प्रत्येक लाइनच्या टोकाला एक फळा टांगलेला असतो आणि त्यावर दर तासाला किती नग निघाले पाहिजेत व किती निघाले हे खडूने मांडलेले असते. मागे पडलेल्या लाइनीवर सुपरवायझर कसा बोलतो, हे त्या मजल्यावर अर्धा तास उभे राहणाऱ्या कोणालाही ऐकू येते. दोन्हीकडचा पगार, भाषा, शिक्षण निराळे. पण दुसऱ्याने ठरविलेला वेग, त्यावर आपला यत्किंचितही ताबा नसणे, आणि सगळ्यांदेखत होणारी मोजदाद, ही गोष्ट एकच.

आता या दफ्तरांतून मानसिक आरोग्याच्या नावाने काय होते ते पाहावे. दर १० ऑक्टोबरला एक व्याख्यान ठेवले जाते, योगाचा तास होतो, भिंतीवर प्रसन्न चेहऱ्यांची चित्रे लागतात, आणि एखाद्या बाहेरच्या संस्थेशी करारनामा करून समुपदेशनाचा दूरध्वनी क्रमांक सर्वांना कळविला जातो. यांपैकी कशाचीही मी थट्टा करू इच्छीत नाही. दूरध्वनीवरच्या एखाद्या समंजस शब्दाने माणूस वाचतो, ही अनुभवाची गोष्ट आहे. माझी तक्रार एवढीच की, या सर्वांना प्रतिबंधक म्हणण्याचा जो शिरस्ता पडला आहे तो चुकीचा आहे. ज्या कारणाने माणूस खचतो त्या कारणाला हात न लावता, खचलेल्याला उभे करून पुन्हा त्याच जागी पाठविणे याला फार तर उपचार म्हणता येईल. प्रतिबंधाचा प्रांत त्याच्या बराच आधी सुरू होतो: पाळीचा तक्ता कोण आणि कसा लावतो, कामाचा वाटा कोणत्या हिशेबाने ठरतो, रजेचा अर्ज नामंजूर करण्याचा अधिकार कोणाकडे आहे, आणि अपमान झाल्यास दाद कोठे मागायची, या रूक्ष कारभारी प्रश्नांत.

मराठी वाचकाला हा विचार नवा वाटण्याचे कारण नाही, कारण या देशात तो पहिल्यांदा मांडणाऱ्यांत एक मराठी मनुष्य होता. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक आणि मुंबईच्या गिरणी कामगारांचे पहिले संघटक. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी मुंबईत कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज कारखाना कमिशनपुढे ठेवला. त्या अर्जातील मागण्या आज वाचल्या म्हणजे त्यांतील नेमकेपणाने मनुष्य थक्क होतो: आठवड्यातून एक दिवस, रविवारी, पूर्ण सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे, मागील महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार चालू राहावा. यांत ‘मन’ असा शब्द कोठेही नाही, तरी विश्रांती, निश्चित वेळ, उद्याच्या पगाराची खात्री आणि संकटात निराधार न होण्याची हमी, म्हणजे मनाचे आरोग्य टिकण्यास ज्या गोष्टी अवश्य असतात त्यांतील बहुतेक त्या पाच मागण्यांत आल्या. पुढे २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर भरलेल्या सुमारे दहा हजार कामगारांच्या सभेत दोन स्त्री-कामगार बोलल्या, आणि त्याच वर्षी १० जूनला गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. आज नोएडातील ज्या माणसाला चहासाठी मोजकी मिनिटे मिळतात, त्याचा आणि लोखंड्यांच्या त्या दुपारच्या अर्ध्या तासाचा काही संबंध आहे, हे कोणी त्याला सांगितलेले नसते. रविवारची ती सुट्टी मेहेरबानी म्हणून आली नाही, हक्क म्हणून मागितली गेली आणि मगच मिळाली, ही गोष्ट मला अत्यंत महत्त्वाची वाटते; कारण मेहेरबानीने आलेली सोय मंदीच्या पहिल्या तिमाहीत नाहीशी होते.

लोखंड्यांच्या नंतरचा इतिहास थोडक्यात सांगून टाकतो. १९३६ मध्ये मुंबईत नागपाड्याला सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची पदवी-शाळा निघाली, तीच पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाली. कामगार कल्याण अधिकारी म्हणून गिरण्यांत आणि कारखान्यांत गेलेल्या कित्येक पिढ्या तेथे शिकल्या. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४९ व्या कलमाने पाचशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात असा अधिकारी नेमणे बंधनकारक केले. त्याच वर्षी राज्य विमा योजनेचा कायदा झाला; त्याचा मूळ आराखडा प्रा. बी. पी. आडारकर यांच्या १९४४ च्या अहवालातला, आणि योजनेचे उद्घाटन २४ फेब्रुवारी १९५२ रोजी उत्तर प्रदेशातच, कानपुरात, पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. नोएडाच्या सेक्टर २४ मधील विमा रुग्णालय हे त्याच आराखड्याचे दूरचे फळ होय. परंतु काचेच्या इमल्यांतील दफ्तरे कारखाना या व्याख्येत बसत नसल्याने त्यांना लागू पडला तो उत्तर प्रदेशाचा १९६२ चा दुकाने व वाणिज्य आस्थापनांचा कायदा, ज्यात कल्याण अधिकाऱ्याची अशी सक्ती नाही. आणि विमा योजनेची पगाराची मर्यादा २०१७ मध्ये महिना एकवीस हजार रुपयांवर नेली गेली तरी संगणकापुढील बहुसंख्य नोकरवर्ग तिच्या बाहेरच राहिला. ज्यांचे काम सर्वस्वी मनाचे, त्यांच्यापर्यंत कामगार कल्याणाची ही जुनी यंत्रणा पोहोचलीच नाही.

दरम्यान अमेरिकेत एक प्रयोग झाला होता, आणि तो आमच्या उत्साही मंडळींनी अवश्य अभ्यासावा. शिकागोजवळच्या हॉथॉर्न येथील वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या प्रचंड कारखान्यात १९३६ पासून कामगारांसाठी समुपदेशक नेमण्यात आले. ते कारखान्यात मोकळेपणाने हिंडत, ज्याला बोलायचे असेल त्याचे बोलणे शांतपणे ऐकून घेत. मात्र नियम असा की, त्यांनी कोणाची तक्रार वर न्यायची नाही, सल्ला द्यायचा नाही, आणि कामाच्या व्यवस्थेत हस्तक्षेप तर मुळीच करायचा नाही. हेतू उदात्त होता, गुप्तताही पाळली जात होती. तरी सुमारे वीस वर्षांनी तो उपक्रम विझला. तो विझण्याची कारणे अनेक सांगितली जातात. मला त्यांतील मुख्य हे दिसते की, एकाच मुकादमाविषयी वीस माणसे एकाच प्रकारचे दुःख सांगत असतील तर त्या वीस जणांचे ऐकून घेण्याने मुकादम बदलत नाही. पाळीचा तक्ता ज्याच्या कक्षेबाहेर आहे असा समुपदेशक नोएडातील कित्येक कंपन्यांनी आज नेमला आहे, आणि शिकागोची ही कथा त्यांच्या मनुष्यबळ खात्याला ठाऊक असल्याचे निदान मला तरी आढळले नाही.

कामाची रचना आणि मन यांच्या संबंधाविषयी शास्त्रज्ञांनी काय म्हटले आहे याचा तपशील पुस्तकात पुढे येईल. येथे दोन गोष्टी पुरेत. रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये असे मांडले की, कामाचा बोजा जड असणे एवढ्याने माणूस मोडत नाही. बोजा जड आणि आपल्या कामावर आपला ताबा अल्प, हे दोन्ही एकत्र आले म्हणजे ताण विषारी होतो. आणि लंडनच्या सरकारी नोकरांवर मायकेल मार्मट आदींनी वर्षानुवर्षे केलेल्या व्हाइटहॉल अभ्यासांतून दिसून आले की हृदयविकाराने मृत्यू येण्याचे प्रमाण सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांत नव्हे, तर सर्वांत खालच्या दर्जाच्या कारकून-शिपायांत अधिक होते. जबाबदारीच्या ओझ्याने साहेब झिजतो आणि कारकून निश्चिंत झोपतो, ही आमची जुनी समजूत त्यामुळे निकालात निघावयास हवी; पण समजुती अहवालांना दाद देत नसतात. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा खात्याने २००४ मध्ये मालकांसाठी जी मानके प्रसिद्ध केली, त्यांत कामाचा भार, ताबा, आधार, परस्परसंबंध, भूमिकेची स्पष्टता आणि बदलाची हाताळणी अशा सहाच बाबी आहेत. कर्मचाऱ्याच्या स्वभावाविषयी त्यांत एक अक्षर नाही.

गुप्ततेच्या प्रश्नापाशी मात्र थोडे थांबले पाहिजे, कारण बहुतेक योजनांची नौका याच खडकावर फुटते. नोएडातील कोणत्याही दफ्तराच्या खालच्या चहाच्या टपरीवर कान दिला तर समुपदेशनाच्या त्या क्रमांकाविषयी एकच वाक्य ऐकू येते: तेथे बोललेले एचआरला कळते. ते खरे आहे की खोटे, याने फरक पडत नाही. वार्षिक मूल्यांकनाची टांगती तलवार डोक्यावर असलेला मनुष्य संशयाचा फायदा कंपनीला देत नाही. आणि संशयाला जागा नसते असेही नव्हे. समुपदेशन संस्था दर महिन्याला जो गोषवारा पाठविते त्यात नावे नसतात, फक्त आकडे असतात, असे अभिमानाने सांगितले जाते. परंतु नऊ जणांच्या गटात दोनच स्त्रिया असतील आणि गोषवाऱ्यात त्या गटापुढे ‘एक स्त्री, वैवाहिक ताण’ असे लिहिलेले असेल, तर नाव लिहिण्याचे बाकी काय राहिले? जपानने यावर कायद्यानेच तोडगा काढला. तेथे डिसेंबर २०१५ पासून पन्नास किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या प्रत्येक आस्थापनेत वर्षातून एकदा ताणाची चाचणी घेणे सक्तीचे झाले. पण तिचा निकाल थेट कर्मचाऱ्याच्या हाती जातो, आणि त्याच्या संमतीवाचून मालकाला तो पाहता येत नाही. अतिश्रमाने माणसे मरतात हे ज्या समाजाने फार मोठी किंमत देऊन ओळखले, त्याने केलेली ही तरतूद आहे. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य देखभाल कायद्याने, ज्याचा अंमल २९ मे २०१८ पासून सुरू झाला, उपचार घेणाऱ्याच्या माहितीच्या गुप्ततेचा हक्क मान्य केला आहे. तो हक्क दफ्तराच्या दारातून आत यावा असे वाटत असेल, तर निदान एवढा नियम प्रत्येक करारनाम्यात असावा की ठरावीक संख्येहून लहान गटाचा आकडा स्वतंत्रपणे दाखविला जाणार नाही, आणि समुपदेशकाचे देयक मंजूर करणारा अधिकारी बढत्या-बडतर्फीचे कागद हाताळणारा नसेल.

मालकवर्गाला पटविण्यासाठी हल्ली पैशाचा हिशेब पुढे केला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे अवसाद आणि चिंता यांपायी जगात दरवर्षी बाराशे कोटी कामाचे दिवस बुडतात आणि सुमारे एक लाख कोटी डॉलरची हानी होते. निमहान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये उत्तर प्रदेशासह बारा राज्यांत केलेल्या पाहणीत शंभरातील दहा-अकरा प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि निरनिराळ्या विकारांत सत्तर ते ब्याण्णव टक्के रुग्णांना उपचार मिळतच नव्हते. आकडे उपयोगी आहेत, म्हणून मी ते दिले. परंतु नफ्याच्या युक्तिवादावर माझा फारसा विश्वास नाही. प्रतिबंध सफल झाला तर काहीच घडत नाही, आणि न घडलेली गोष्ट जमाखर्चात कोणत्या रकान्यात मांडणार? जो मालक केवळ फायद्यासाठी हे करील, तो फायदा दिसेनासा झाला की थांबेल.

मराठी मुलखात या कामाचे काही स्वकीय नमुने आहेत, ते वाचकाने दृष्टीआड करू नयेत. पाश्चात्त्य देशांतील कर्मचारी-साहाय्याच्या योजना मूळ निघाल्या त्या कामगारांच्या दारूच्या प्रश्नातून. आपल्याकडेही व्यसन हाच पुष्कळदा मनाच्या दुखण्याचा पहिला उघड पुरावा असतो. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने, ‘मुक्तांगण’ उभे केले, आणि बरा झालेला रुग्णमित्रच नव्या रुग्णाचा हात धरतो ही तेथली रीत सर्वांना परिचित आहे. ठाण्यात १९९० पासून डॉ. आनंद नाडकर्णी यांची मानसिक आरोग्याची संस्था काम करते आहे, आणि रुग्णालयाच्या चार भिंतींबाहेर, शाळांत आणि उद्योगांत, मानसशास्त्र मराठीतून नेण्याचा तिचा परिपाठ अनुकरणीय आहे. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान: माणसाशी त्याच्या भाषेत बोलले जाते. पूर्व उत्तर प्रदेशातून आलेल्या शिलाई कामगार स्त्रीपुढे इंग्रजी प्रश्नावली ठेवणाऱ्यांनी यावरून काही घ्यावे.

राहता राहिला तो मधला मनुष्य. मुंबईच्या गिरण्यांत जॉबर किंवा मुकादम कामगाराला कामावर लावी, रजा देई, प्रसंगी कर्जही देई, आणि त्याच्या इतराजीने खोलीसुद्धा जाई; नोएडातील टीम लीड खोली घेऊ शकत नाही, पण बाकीचा अधिकार त्याच्याकडे थोड्याफार फरकाने आला आहे. तो बहुधा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा असतो, काल-परवापर्यंत स्वतःच फोन घेत होता, आणि माणसे सांभाळण्याचे शिक्षण त्याला कोणी दिलेले नसते. वरचा तगादा आणि खालची कैफियत यांच्यामध्ये तोच सर्वांत आधी पिळला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शनात व्यवस्थापकांच्या प्रशिक्षणाची शिफारस स्वतंत्रपणे केली आहे, ती याच कारणाने. पुस्तकात पाळीच्या तक्त्याचे प्रकरण प्रथम, टीम लीडचे दुसरे आणि समुपदेशकाचे तिसरे ठेवले आहे. काही स्नेह्यांना हा क्रम उलटा वाटला, तरी तो जाणूनबुजून आहे.

शेवटचे प्रकरण ठेकेदाराकडील माणसांचे. सुरक्षारक्षक, सफाई कामगार, कॅबचे चालक, होजियरीतील हेल्पर यांची नावे कंपनीच्या हजेरीपटावर नसतात, ठेकेदाराच्या असतात. म्हणून समुपदेशनाचा क्रमांक ज्या ई-मेलने कळविला जातो तो त्यांच्यापर्यंत जात नाही, आणि व्याख्यानाच्या दिवशी खुर्च्या मांडण्याचे काम मात्र त्यांनाच लागते. पहाटे रात्रपाळीच्या मुलींना घरी सोडणारा चालक स्वतः किती तास जागा आहे हे कोणी विचारत नाही. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली टेलिमानस सेवा, १४४१६ या क्रमांकावर, मराठी-हिंदीसह अनेक भाषांत आणि विनामूल्य, कोणालाही मिळते. तो क्रमांक ठेकेदाराच्या फाटकावर, गेटपास जेथे तपासतात त्या खिडकीशेजारी, ठळक अक्षरांत लावण्यास कोणाच्याही मंजुरीची गरज नाही. त्यापुढची पायरी म्हणजे ठेकेदाराशी होणाऱ्या करारातच असे कलम घालणे की कंपनीच्या कायम नोकरांना मिळणारी प्रत्येक सेवा, पाळीच्या मर्यादेसकट, त्याच्या माणसांनाही लागू राहील. या कलमाचा एक मसुदा त्या प्रकरणाच्या अखेरीस जोडला आहे.